जावा ८ वर अडकलेलं ॲप आणि नवी जकार्ता ॲनोटेशन्स: एरर न येताच काम बंद पडतं, तुम्ही काय करता?

डोंबिवली_फास्ट | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितोय, कारण गेल्या पंधरवड्यात जे झालं ते दुसऱ्या कुणावर येऊ नये असं मनापासून वाटतं.

अंधेरीतल्या आमच्या टीमकडे विमा व्यवसायाचं एक मोठं ॲप आहे. जावा ८, स्प्रिंग ५.३ (फ्रेमवर्क), टॉमकॅट ९ (वेब सर्व्हर). हे सगळं जुनं आहे, मान्य. पण आजूबाजूची चार सॉफ्टवेअर्स याच रनटाइमवर तपासून मंजूर झाली आहेत, त्यामुळे पुढच्या मार्चअखेरीपर्यंत रनटाइमला हात लावायचा नाही असं ग्राहकाने लेखी कळवलंय.

टीममधल्या एका मुलीने नवा क्लास लिहिला. ॲप सुरू होताना दरांचा तक्ता डेटाबेसमधून मेमरीत आणायचा, एवढंच काम. मेथडवर @पोस्टकन्स्ट्रक्ट हे ॲनोटेशन (कोडवर लावायची खूण; हिचा अर्थ ‘ऑब्जेक्ट तयार झाला की ही मेथड चालव’) लावलं. आयडीईने इम्पोर्टसाठी दोन पर्याय दाखवले, एक जावाएक्सचा (पॅकेजचं जुनं नाव) आणि एक जकार्ताचा (त्याच ॲनोटेशन्सच्या पॅकेजचं नवं नाव). तिने जकार्ताचा निवडला. कॉलेजात ती तेच शिकली होती, त्यामुळे तिची काहीच चूक नाही. बिल्ड झाला, युनिट टेस्ट पास झाल्या (टेस्टमध्ये ती मेथड हाताने बोलावली होती), ॲप सुरू झालं, लॉगमध्ये एक लाल ओळ नाही. आणि तक्ता रिकामा! दर शून्य येतायत हे एका शाखेतल्या बाईंच्या लक्षात आलं म्हणून दुपारी कळलं. नाहीतर रात्रीच्या बॅचमध्ये सगळ्या पावत्या तशाच निघाल्या असत्या.

मुळाशी गेल्यावर सापडलं ते असं. जकार्ता-ॲनोटेशन-एपीआय नावाच्या जारची (लायब्ररीच्या फाइलची) १.३.५ आवृत्ती आमच्याकडे होती. ती जुनी म्हणून एका अहवालात आली आणि कुणीतरी पॉममध्ये (मेव्हन या बिल्ड टूलची फाइल, लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या तिथे लिहितात) २.०.० करून टाकली. आता गंमत नाही, अक्षरशः सापळा आहे: १.३.५ च्या जारचं नाव जकार्ता असलं तरी आतलं पॅकेज जावाएक्सच आहे. २.०.० मध्ये पॅकेज खरोखर जकार्ता झालं. एवढा बदल होऊनही आमचा जुना कोड कंपाइल कसा झाला? कारण जावा ८ च्या जेडीकेमध्येच (जावाच्या मूळ संचातच) जावाएक्स ॲनोटेशनचं पॅकेज आहे. जुना कोड तिथून भागवत राहिला आणि नव्या कोडसाठी जकार्ताचं दार उघडं राहिलं.

मला विचारायचंय ते असं. अजून वर्षभर तरी याच रनटाइमवर राहायचंय, आणि बाहेरून येणाऱ्या लायब्रऱ्या हळूहळू नव्या ॲनोटेशन्सवर जातायत. तुम्ही दोन्हींना आधार देता, की नव्याला दारातच अडवता?

---

नवा_जावावाला | सोमवार, रात्री ११.०५

जावा १७ वर जा. स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, २.७ चा मोफत आधार नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. जितके थांबाल तितकं अवघड होत जाईल.

---

डोंबिवली_फास्ट | सोमवार, रात्री ११.२०

जायचंच आहे, त्यावर वाद नाही. तारीख माझ्या हातात नाही. तोपर्यंत रोज सकाळी ॲप उठलं पाहिजे आणि आकडे बरोबर आले पाहिजेत, म्हणून हा प्रश्न.

---

मुलुंडकर | मंगळवार, सकाळी ८.१५

डोंबिवली, एरर का आली नाही हे नीट समजून घेतलंत तर पुढचे निर्णय सोपे होतील. लोकलमधून टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

ॲनोटेशन हे स्वतः काहीच करत नाही. कंपायलर ते क्लास फाइलमध्ये एका ॲट्रिब्यूटमध्ये लिहून ठेवतो. रिटेन्शन म्हणजे ॲनोटेशन कुठवर टिकवायचं ते. रनटाइम रिटेन्शन असेल तर ‘दिसणारी’ यादी, क्लास रिटेन्शन असेल तर ‘न दिसणारी’ यादी, आणि सोर्स रिटेन्शन असेल तर फाइलमध्ये जातच नाही. जेव्हीएमच्या (जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेच्या) नियमातच लिहिलंय की न ओळखता येणारं ॲट्रिब्यूट मुकाट्याने सोडून द्यायचं. जावा ८ ने २०१४ मध्ये टाइपवरची ॲनोटेशन्स आणली तेव्हा त्यासाठी नवं ॲट्रिब्यूट आलं. जुन्या जेव्हीएमला ते कळत नाही, पण केवळ त्यामुळे ती अडत नाही. (अडते ती फाइलच्या आवृत्तीमुळे. जावा ८ ची ५२, ११ ची ५५, १७ ची ६१. त्या वेळी मात्र स्पष्ट एरर मिळते, आणि ते बरंच आहे.)

आता शांतपणे फसायच्या दोन वेगळ्या तऱ्हा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली तुमची. जकार्ताचा ॲनोटेशन क्लास क्लासपाथवर आहे, रिफ्लेक्शनला (चालू प्रोग्रामने क्लास तपासायची सोय) तो दिसतो, पण त्याला विचारणारं कुणी नाही. स्प्रिंग ५.३ ‘जावाएक्सचं पोस्टकन्स्ट्रक्ट आहे का?’ एवढंच विचारतं. उत्तर ‘नाही’, आणि ते पुढे जातं.

दुसऱ्या तऱ्हेत ॲनोटेशनचा क्लासच रनटाइमला नसतो. तुम्हाला वाटेल की क्लास सापडत नाही अशी एरर येईल. येत नाही. रिफ्लेक्शन ते ॲनोटेशन यादीतून गाळून उरलेली यादी हातात देतं. साधा क्लास नसेल तर ॲप कोसळतं, ॲनोटेशनचा क्लास नसेल तर ॲप गप्प राहतं. हे जाणूनबुजून तसं ठेवलंय, कारण नुसत्या टूलसाठी लावलेल्या ॲनोटेशनची जार प्रॉडक्शनला न्यायची सक्ती कुणावर नसावी. त्यामागचा विचार पटतो. पण जिथे ॲनोटेशनवर व्यवहार अवलंबून आहे तिथे त्याची किंमत मोजावी लागते.

---

ठाणेकर_पूर्व | मंगळवार, सकाळी ९.५०

मुलुंडकर ताई, फार नीट सांगितलंत.

यात व्हॅलिडेशनचा (आलेली माहिती नियमांत बसते का ते तपासण्याचा) अनुभव जोडतो, माझा अख्खा दिवस गेला होता. कंट्रोलरच्या पॅरामीटरवर जकार्ताचं @व्हॅलिड लावलं होतं, आणि आतल्या क्लासच्या फील्ड्सवर जकार्ताचीच @नॉटनल, @साइज वगैरे. डीबगरमध्ये बघितलं तर व्हॅलिडेशन सुरू होताना स्पष्ट दिसत होतं! म्हणून मी वेगळ्याच ठिकाणी शोधत बसलो. कारण असं निघालं की स्प्रिंग एमव्हीसी पॅरामीटरवरच्या ॲनोटेशनचं नुसतं नाव ‘व्हॅलिड’ने सुरू होतं का ते पाहतं, पॅकेज कुठलंही असो. त्यामुळे व्हॅलिडेटरला हाक जाते. पण हायबरनेट व्हॅलिडेटर ६ फक्त जावाएक्सचे नियम ओळखतो, जकार्ताचे नियम ७ पासून. म्हणजे व्हॅलिडेटर आला, त्याला एकही नियम दिसला नाही, ‘सगळं बरोबर’ म्हणून निघून गेला. रिकामा पॅन नंबर थेट टेबलात.

अर्धवट चालणारी गोष्ट अजिबात न चालणाऱ्या गोष्टीपेक्षा जास्त फिरवते.

---

हार्बर_लाइन | मंगळवार, दुपारी १.३०

आणि @ट्रान्झॅक्शनल (मेथडमधल्या सगळ्या नोंदी एकत्र कमिट, नाहीतर एकत्र रद्द) विसरू नका! पोस्टकन्स्ट्रक्ट नाही चाललं तर तक्ता रिकामा दिसतो, कुणाच्या तरी डोळ्यांत येतं. जकार्ताचं ट्रान्झॅक्शनल स्प्रिंग ५.३ वर लागलं तर सगळं व्यवस्थित चालल्यासारखं दिसतं, कारण प्रत्येक इन्सर्ट आपापला कमिट होतो. ज्या दिवशी मधेच एक्सेप्शन येईल त्या दिवशी अर्धी नोंद आत आणि अर्धी बाहेर. आमच्याकडे पैशाचा हिशेब आहे, त्यामुळे मी तरी या एका ॲनोटेशनसाठी ठाम आहे: स्प्रिंगचं स्वतःचं ट्रान्झॅक्शनल वापरा. त्याचं पॅकेज स्प्रिंग ५ मध्ये आणि ६ मध्ये एकच आहे, पुढे जातानाही बदलावं लागत नाही.

---

गिरगावकर | मंगळवार, रात्री ९.१५

हा धागा वाचून वीस वर्षांपूर्वीचं फोर्टमधलं ऑफिस आठवलं. तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या आकड्यांचा होता.

जावा ५ सप्टेंबर २००४ मध्ये आलं आणि भाषेत ॲनोटेशन्स आली. आमचा सर्व्हर मात्र १.४ वर. त्याआधी आम्ही एक्सडॉकलेट वापरायचो: जावाडॉकच्या टिप्पणीत खुणा लिहायच्या आणि बिल्डच्या वेळी त्यातून ईजेबीच्या (सर्व्हरवर चालणारे जावा घटक, म्हणजे बीन) एक्सएमएल फायली तयार करायच्या. खूण टिप्पणीत, त्यामुळे रनटाइमला तिचा पत्ताच नाही. स्पेलिंग चुकलं तरी कंपायलर बोलायचा नाही, एक्सएमएलमधून बीन गायब व्हायचा. मग २००६ मध्ये ईजेबी ३ आलं, सगळे ॲनोटेशन्सकडे वळले, आणि आम्ही १.४ वाले मागे. त्या काळात रेट्रोट्रान्सलेटर नावाचं एक टूल होतं. जावा ५ साठी कंपाइल केलेले क्लास ते १.४ वर चालतील असे बदलून द्यायचं, आणि ॲनोटेशन वाचायची सोयसुद्धा सोबतच्या लायब्ररीतून पुरवायचं. आम्ही ते दीडेक वर्ष वापरलं.

त्यातून एक सवय लागली ती आजही मोडलेली नाही. कुठलंही ॲनोटेशन समोर आलं की आधी विचारायचं: हे वाचणार कोण, आणि कधी? माझ्या अनुभवात ‘जुना रनटाइम नव्या ॲनोटेशनला आधार देईल का’ हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा विचारलेला असतो. रनटाइम क्वचितच वाचणारा असतो.

उदाहरण घ्या. नल-तपासणीसाठीच्या जेस्पेसिफायची १.० आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली. ते वाचणारं कोण? कंपाइलच्या वेळचं टूल किंवा आयडीई. प्रॉडक्शनमधल्या जेव्हीएमचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून जावा ८ वर चालणाऱ्या ॲपमध्ये तुम्ही ते आजपासून बिनधास्त लावू शकता. नवा जेडीके फक्त बिल्डच्या मशीनवर ठेवा आणि रिलीज फ्लॅग ८ द्या. उलट पोस्टकन्स्ट्रक्ट वाचणारा स्प्रिंग. व्हॅलिडेशनचं वाचणारा हायबरनेट व्हॅलिडेटर. @वेबसर्व्हलेट वाचणारा टॉमकॅट: टॉमकॅट ९ जावाएक्सचं वाचतो, १० जकार्ताचं. वाचणारा बदलत नाही तोवर नवं ॲनोटेशन लावू नये, इतकं हे सरळ आहे.

आणखी एक जुनी वाट अजून शाबूत आहे. पर्सिस्टन्सचं मॅपिंग (क्लास आणि टेबलांची जुळणी) ओआरएम एक्सएमएलमध्ये, सर्व्हलेट वेब एक्सएमएलमध्ये आजही लिहिता येतं. एखाद्या क्लासचा सोर्स तुमच्याकडे नसेल आणि त्याच्यावरची ॲनोटेशन्स तुमच्या वाचणाऱ्याला कळत नसतील, तर तेवढ्यापुरतं एक्सएमएल लिहायला कमीपणा वाटून घेऊ नका.

---

डोंबिवली_फास्ट | मंगळवार, रात्री १०.५०

काका, ‘वाचणार कोण’ हे मी टीमच्या पानावर सगळ्यात वर लिहिलं.

आता खरी अडचण. एका भागीदाराकडून आलेली जार आहे. त्यांनी जकार्ताची ॲनोटेशन्स वापरलीत, सोर्स देत नाहीत. क्लास फाइलची आवृत्ती जावापीने (क्लास फाइल उलगडून दाखवणारं जेडीकेमधलं टूल) पाहिली, ५२ आहे, म्हणजे जावा ८ वर लोड होते. त्यातले दोन बीन (स्प्रिंग सांभाळतं ते ऑब्जेक्ट) आमच्या स्प्रिंगने उचलायचेत. माझ्या डोक्यात असं आहे की जकार्ताचं पोस्टकन्स्ट्रक्ट वाचणारा दुसरा पोस्टप्रोसेसर (बीन तयार होताना त्यावर काम करणारा क्लास) नोंदवावा. स्प्रिंगच्या इनिट-डिस्ट्रॉय पोस्टप्रोसेसरला कुठलं ॲनोटेशन पाहायचं ते सांगता येतं. करून पाहिलं, चाललं. पण ठेवावं का?

---

मुलुंडकर | बुधवार, सकाळी ८.२०

चालेल, पण माझं मत विरुद्ध आहे. तुम्ही दोन ॲनोटेशन्ससाठी पूल बांधलात. टीमला मात्र संदेश जाईल की ‘आपल्याकडे जकार्ता चालतं’. मग कुणीतरी जकार्ताचं ट्रान्झॅक्शनल लावेल आणि हार्बर_लाइन यांनी लिहिलंय ते घडेल.

त्यापेक्षा जारच बदलून घ्या. मेव्हन शेड या प्लगइनचं रिलोकेशन (पॅकेजचं नाव बदलणं) बाइटकोडमधली ॲनोटेशनची नावंसुद्धा बदलतं. जकार्ता ॲनोटेशनचं पॅकेज जावाएक्सवर वळवा, बदललेली जार आपल्या रिपॉझिटरीत वेगळ्या नावाने ठेवा. करार तपासा मात्र, काही परवान्यांत बाइटकोडला हात लावायची मनाई असते. एक्लिप्स ट्रान्सफॉर्मर याच कामासाठी आहे, पण त्याची नेहमीची दिशा जावाएक्सकडून जकार्ताकडे असते.

एक खबरदारी: सरसकट ‘जकार्ता काढून जावाएक्स’ किंवा उलट, असं फाइंड-रिप्लेस कधीच करू नका. जावाएक्स एसक्यूएल, जावाएक्स क्रिप्टो ही पॅकेजेस जेडीकेची आहेत, ती कधीच हललेली नाहीत. ट्रान्झॅक्शनच्या पॅकेजखालचं एक्सए हे उपपॅकेजसुद्धा जेडीकेतच राहिलं. यादी करून, एकेक पॅकेज नावाने द्या.

---

हार्बर_लाइन | बुधवार, सकाळी १०.०५

मी पुलाच्या बाजूने आहे. बदललेली जार म्हणजे प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा तेच काम, आणि काही बिघडलं की भागीदार हात वर करणार: ‘ही आमची जार नाही.’ आम्हाला त्यावरून तीन आठवडे झुंजावं लागलं. पूल आपल्या कोडमध्ये दिसतो, त्याच्यावर टेस्ट लिहिता येते, आणि स्प्रिंग ६ वर गेल्यावर एका कमिटमध्ये काढून टाकता येतो.

---

मुलुंडकर | बुधवार, दुपारी २.१०

‘हात वर करणार’ हा मुद्दा मान्य, मी तो धरला नव्हता. मग पूल फक्त त्या जारच्या पॅकेजपुरता ठेवा. बीनच्या क्लासचं नाव त्यांच्या पॅकेजने सुरू होत नसेल तर हात लावायचा नाही. आपल्या कोडमधलं जकार्ता मात्र बिल्डलाच फुटलं पाहिजे.

---

पवईतळं | बुधवार, रात्री ८.४०

बिल्डला फोडायचं कसं त्याबद्दल, आमच्याकडे चालू आहे ते लिहितो.

मेव्हन एन्फोर्सरमध्ये (बिल्डचे नियम तपासणारा प्लगइन) बंदी घातलेल्या डिपेंडन्सीच्या यादीत जकार्ता-ॲनोटेशन-एपीआय २.० आणि पुढच्या सगळ्या आवृत्त्या, तसंच जकार्ता-व्हॅलिडेशन-एपीआय ३.० पासून पुढच्या. (व्हॅलिडेशनचीही तीच गत आहे: २.०.२ च्या जारचं नाव जकार्ता, आत जावाएक्स.) एन्फोर्सरच्या जोडीला बाइटकोड आवृत्ती तपासायचा वेगळा नियम मिळतो, त्यात कमाल १.८ दिलंय. जावा ११ साठी बनवलेली जार चुकून आली तर बिल्ड तिथेच थांबतो.

पण डोंबिवली, तुमच्याकडे भागीदाराच्या जारसाठी जकार्ताची एपीआय क्लासपाथवर ठेवावीच लागेल, तेव्हा एन्फोर्सर पुरणार नाही. तिथे आर्कयुनिट (कोडच्या रचनेचे नियम टेस्टमधून तपासणारी लायब्ररी) वापरा. ‘आमच्या पॅकेजमधला एकही क्लास जकार्तावर अवलंबून नसावा’ ही एक टेस्ट. आयडीईच्या ऑटो-इम्पोर्टमध्येही पॅकेज वगळता येतं. आम्ही ती सेटिंग नव्या मुलांच्या पहिल्या दिवसाच्या कामात टाकली आहे. बिचाऱ्यांना दोन पर्याय दाखवायचे आणि चुकलं की त्यांनाच विचारायचं, हे बरोबर नाही.

---

डोंबिवली_फास्ट | बुधवार, रात्री १०.३०

ॲप सुरू होतानाच सगळ्या बीनवरून रिफ्लेक्शनने फिरून जकार्ताचं ॲनोटेशन दिसलं की ॲप थांबवायचं, असाही विचार करतोय. जोरात ओरडलेलं बरं.

---

मुलुंडकर | गुरुवार, सकाळी ८.१०

जरूर करा, पण आर्कयुनिट काढू नका. पहिल्या दिवशी लिहिलेली दुसरी तऱ्हा आठवा: ॲनोटेशनचा क्लास नसेल तर रिफ्लेक्शन ते तुम्हाला दाखवणारच नाही, मग तुमची तपासणीही गप्प बसेल. आर्कयुनिट बाइटकोड वाचतं, त्याला नाव दिसतं.

---

घणसोलीकर | गुरुवार, दुपारी ४.००

उशिरा आलो. पुढे जावा ११ किंवा १७ कडे निघाल तेव्हाच्या एका खड्ड्याबद्दल सांगतो, आम्ही ऐरोलीच्या ऑफिसात त्यात पडलो होतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये जेडीके ११ आलं तेव्हा जावाएक्स ॲनोटेशनचं ते पॅकेज जेडीकेमधून काढून टाकलं गेलं. आम्ही बिल्ड जेडीके ११ वर नेला, पण रिलीज फ्लॅग ८ च ठेवला. त्या फ्लॅगमुळे कंपायलर जावा ८ ची एपीआय दाखवतो, म्हणजे पोस्टकन्स्ट्रक्ट दिसतं आणि कंपाइल बिनबोभाट होतं. मग तेच जावा ११ वर चालवलं. तिथे तो क्लास नाही, ॲनोटेशन गळून गेलं, स्प्रिंगने काही बोलावलं नाही. तुमच्या प्रकरणाचीच उलटी बाजू! जावाएक्स-ॲनोटेशन-एपीआय १.३.२ ची जार स्वतःहून पॉममध्ये घातली आणि सुटलं. जाण्याच्या आधीच, आत्ताच, ती घालून ठेवा. जावा ८ वर तिचा त्रास नाही.

आणि टॉमकॅट जुना असेल तर लॉगमध्ये ‘कॉन्स्टंट पूलमध्ये अवैध टॅग १९’ अशा अर्थाची ओळ दिसेल. ते नव्या जारमधल्या मॉड्यूल-इन्फो फाइलमुळे. ॲनोटेशन शोधणाऱ्या जुन्या स्कॅनरला ती वाचता येत नाही. आमच्याकडे त्याने काही बिघडलं नाही, पण नव्या लोकांना घाबरवून सोडलं.

---

नवा_जावावाला | गुरुवार, संध्याकाळी ७.२५

माझं पहिलं उत्तर घाईचं होतं. एक विचारतो: स्प्रिंग ६ वर गेल्यावर जावाएक्सचं सगळं एकदम बंद होतं ना? मग निदान तिथे तरी गोंधळ नसेल.

---

हार्बर_लाइन | गुरुवार, रात्री ९.००

नाही, तिथेही जपायला लागेल. स्प्रिंग ६ पोस्टकन्स्ट्रक्ट आणि रिसोर्स जावाएक्सचं असलं तरी ओळखतं, इंजेक्टही. पण ट्रान्झॅक्शनल, व्हॅलिडेशन, पर्सिस्टन्स यांना जकार्ताच लागतं. म्हणजे अर्धा जुना कोड चालेल, आणि तो चालतोय म्हणून बाकीचाही चालतोय असं वाटेल. ट्रान्झॅक्शनलची रोलबॅक टेस्ट आधी लिहा: मुद्दाम एक्सेप्शन फेका आणि टेबलात ओळ नाही ना ते तपासा. लॉग पाहून ठरवू नका.

---

डोंबिवली_फास्ट | शनिवार, सकाळी ११.१५

काल रात्री रिलीज केलं, म्हणून आज लिहितोय.

आर्कयुनिटची टेस्ट लावली तर आमच्याच कोडमध्ये आणखी तीन क्लास सापडले. दोन ठिकाणी प्रीडिस्ट्रॉय (बीन बंद होताना मेथड चालवायची खूण) होतं, तिथे कनेक्शन बंद होत नव्हती. सर्व्हर दर रविवारी रीस्टार्ट करायचो, त्यामागे हेही एक कारण असावं. तिसरं जकार्ताचं ट्रान्झॅक्शनल, परताव्याच्या नोंदीवर. पाच आठवड्यांपासून प्रॉडक्शनला होतं. हार्बर_लाइन, तुमची पोस्ट वाचली नसती तर मी फक्त पोस्टकन्स्ट्रक्टच शोधत बसलो असतो. त्या पाच आठवड्यांतल्या सगळ्या नोंदी काल दोघांनी बसून जुळवल्या. दोन अर्ध्या निघाल्या, दोन्ही दुरुस्त करून ग्राहकाला कळवलं.

पूल ठेवलाय, पण मुलुंडकर ताईंनी सांगितल्याप्रमाणे फक्त भागीदाराच्या पॅकेजपुरता. तिकीट उघडून त्यावर ‘स्प्रिंग ६ ला काढणे’ लिहिलंय. १.३.२ ची जारही घातली. आर्कयुनिटची टेस्ट त्या मुलीनेच लिहिली, आणि बिल्ड फुटल्यावर जो संदेश येतो तो मराठीत ठेवलाय: ‘हे ॲनोटेशन आपल्याकडे कुणी वाचत नाही.’

---

गिरगावकर | शनिवार, दुपारी १२.४०

उत्तम. त्या संदेशात कुठलं ॲनोटेशन लावायचं त्याचं पूर्ण नावही घाला. रात्री दोन वाजता बिल्ड फुटलेल्या माणसाला शोधायला लागू नये.

---

डोंबिवली_फास्ट | शनिवार, दुपारी १२.५५

घातलं, काका.